बाबांना सांगायचं की नाही, त्याआधी एक प्रश्न

ताई, तुमचा प्रश्न नीट वाचला. इतरांनाही कळावं म्हणून थोडक्यात मांडते. तुमचे वडील ७१ वर्षांचे, वागळे इस्टेटमधल्या कारखान्यातून टर्नर म्हणून निवृत्त झालेले. किसननगरला राहतात, भजनी मंडळात पेटी वाजवतात. कावीळ झाली म्हणून तपासण्या केल्या, पित्तनलिकेत स्टेंट बसवला आणि स्वादुपिंडाचा कॅन्सर निघाला. तो यकृतातही पसरलेला आहे. डॉक्टरांनी हे तुम्हाला आणि तुमच्या भावाला कॉरिडॉरमध्ये बाजूला घेऊन सांगितलं. बाबांना मात्र ‘खड्यामुळे कावीळ झाली होती, नळी टाकून मोकळं केलंय’ एवढंच माहीत आहे. दादा आणि आई म्हणतात, कळलं तर ते हाय खातील. पुढच्या आठवड्यात केमोचं ठरवायचंय, आणि बाबा तुम्हाला विचारतायत, ‘खडाच होता तर वजन का उतरतंय?’ वैद्यकीय नीती काय सांगते, दादा बरोबर की तुम्ही, असं तुम्ही विचारलंय. दादांचं आणखी एक म्हणणं तुम्ही लिहिलंय : पेशंटला सगळं सांगायचं हे अमेरिकेतलं खूळ आहे, आपल्याकडे असं नसतं.

मी ठाण्यात फिजिशियन आहे. गेली बरीच वर्षं माझं मुख्य काम पॅलिएटिव्ह केअरचं आहे, म्हणजे बरे न होणाऱ्या आजारात वेदना, धाप, उलट्या, भीती यांच्यावर उपचार करायचे आणि घरच्यांना सोबत करायची. तुमच्या घरात चाललंय ते माझ्या ओपीडीत सतत घडतं. पेशंट बाहेर बाकावर बसलेला असतो, मुलगा किंवा जावई आधी एकटा आत येतो, दार लोटून घेतो आणि म्हणतो, ‘मॅडम, त्यांच्यासमोर तो शब्द काढू नका.’ हे सांगणाऱ्या माणसाचा मला कधी राग येत नाही. त्याने रात्र रात्र जागून काढलेली असते आणि बापाला आणखी एका दुःखातून वाचवायची त्याची धडपड असते. तुमच्या दादांचंही तेच आहे, म्हणून तुम्ही दोघं एकमेकांच्या विरोधात आहात असं मी धरणार नाही.

पण तुम्ही दोघंही ज्या प्रश्नावर भांडताय तो दुसरा प्रश्न आहे. ‘सांगायचं की नाही’ हे तुम्ही, दादा, आई आणि डॉक्टर मिळून ठरवताय. त्याआधीचा प्रश्न कुणी विचारलेलाच नाही : आपल्या आजाराबद्दल किती जाणून घ्यायचंय आणि ते कुणाच्या तोंडून, हे बाबांना विचारलंय का? माझ्या अनुभवात घरातली निम्मी ओढाताण हे विचारल्यावरच सुटते.

आता माझ्या उत्तराच्या मर्यादा. मी बाबांना तपासलेलं नाही. बिलिरुबिन (काविळीत रक्तात वाढणारं पित्तद्रव्य) अजून चढलेलं असेल, अंगात जंतुसंसर्ग असेल, सोडियम उतरलेलं असेल तर म्हातारा माणूस दोन-चार दिवस भ्रमातही असू शकतो. अशा वेळी काहीच विचारू नये, तब्येत सावरू द्यावी. पूर्वी कधी तीव्र नैराश्य आलं असेल, जीव द्यायचा प्रयत्न झाला असेल, तर आधी मानसोपचारतज्ज्ञांशी बोलावं लागतं. स्मृतिभ्रंश असेल तर सगळाच विचार वेगळा होतो. तुम्ही लिहिलंय त्यावरून यातलं काही दिसत नाही. वजनाचा आणि खड्याचा मेळ बसत नाही हे ज्याच्या लक्षात आलंय, त्या माणसाची बुद्धी शाबूत आहे.

नीतिशास्त्राबद्दल तुम्ही मुद्दाम विचारलंय, म्हणून ते या घराला लावून सांगते. वैद्यकीय महाविद्यालयात आज चार तत्त्वं शिकवतात. बीचम आणि चिल्ड्रेस या दोन अमेरिकी विचारवंतांनी ती १९७९मध्ये मांडली : पेशंटच्या निर्णयाचा मान, त्याचं भलं करणं, त्याला इजा न करणं आणि न्याय. ऐकायला सोपी आहेत. अडचण अशी की ती एकमेकांत भांडतात आणि कुणाचं आधी ऐकायचं हे आपोआप ठरत नाही. दादा ‘इजा नको’ या तत्त्वावर उभे आहेत, तुम्ही निर्णयाच्या मानावर. नीती दोघांच्याही बाजूला आहे. म्हणून तत्त्वाचं नाव घेऊन थांबता येत नाही, त्या तत्त्वाखालची वस्तुस्थिती तपासावी लागते. न सांगितल्याने इजा खरोखर टळते का?

मला दिसतं ते असं. ठाण्यात ‘टाटाला नेलं’ म्हटलं की शेजाऱ्यालाही पुढचं सांगावं लागत नाही. बाबांना परळला न्या, टाटाच्याच खारघरच्या केंद्राला, ॲक्ट्रेकला न्या किंवा इथल्याच एखाद्या रुग्णालयात न्या, ऑन्कॉलॉजी म्हणजे कॅन्सर विभागाची पाटी त्यांना दिसणार. बाकावर शेजारी केस गेलेला माणूस बसलेला असणार आणि तो सहज विचारणार, ‘तुमचं कुठलं?’ फाइल त्यांच्याच हातात असणार. जन्मभर मायक्रोमीटर धरलेला टर्नर आहे, बारीक फरक त्यांच्या नजरेतून सुटत नाही. माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी पेशंटना घरच्यांनी ‘काहीच माहीत नाही’ म्हणून आणलेलं असतं, आणि एकांतात मी विचारलं की ते म्हणतात, ‘मला समजलंय हो डॉक्टर, पण पोरांना वाटतं मला कळलं नाही. त्यांना सांगू नका.’ एकाच घरात दोन्ही बाजू एकमेकांपासून तीच गोष्ट लपवतात आणि दोघंही एकटे पडतात. ‘मी खोलीत आलो की सगळे गप्प होतात’, ही पेशंटची तक्रार मी वेदनेच्या तक्रारीइतकीच ऐकते.

परिणाम बघून योग्य-अयोग्य ठरवणारा एक विचार आहे, मिलसारख्या विचारवंतांनी तो पुढे नेला. त्या हिशेबात घरचे लोक फक्त सांगितल्यानंतरची संध्याकाळ मोजतात : बाबा रडतील, जेवणार नाहीत. न सांगितल्यानंतरचे महिने कुणी मोजत नाही. गावचं घर कुणाच्या नावावर करायचं, बँकेत नॉमिनी कोण, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट कुठे आहे, धाकट्या भावाशी वर्षानुवर्षं अबोला आहे तो मिटवायचा का, एकदा कुलदैवताला जाऊन यायचं का. ही कामं अंगात ताकद असतानाच होतात. बाबांना पुढे खूप काळ आहे असं वाटत असेल तर ते यातलं सगळं ‘बरं झाल्यावर बघू’वर टाकतील, आणि ते अगदी बरोबरच वागत असतील, कारण त्यांना मिळालेली माहितीच तशी आहे.

दुसरा विचार कर्तव्याचा. जर्मन तत्त्वज्ञ कांट तर इतका कडक की मित्राच्या मागावर असलेला खुनी दाराशी आला तरी त्याच्याशीही खोटं बोलू नये, असं त्याने १७९७मध्ये लिहिलं. मी इतकी कडक नाही. पण त्याच्याकडून एक गोष्ट मी घेते आणि ती माझ्या रोजच्या कामात वापरते : न सांगणं आणि खोटं सांगणं यात फरक आहे. पेशंट विचारत नाही तोवर मी थांबू शकते, हळू जाऊ शकते, आज अर्धं आणि उद्या अर्धं सांगू शकते. खड्याची गोष्ट मात्र मी रचणार नाही. ती टिकवायला रोज नवी गोष्ट जोडावी लागते. खड्यासाठी केमो का, केस का गेले, रक्त का चढवलं? आणि ज्या दिवशी ते उलगडतं त्या दिवशी पेशंटचा डॉक्टरवरचाच नव्हे, घरच्यांवरचाही विश्वास जातो. मग मी ‘हे औषध घ्या, दुखणं नक्की थांबेल’ असं मनापासून सांगितलं तरी त्याला ते खरं का वाटावं?

आता दादांच्या ‘अमेरिकेतलं खूळ’ या मुद्द्याकडे येते, कारण तो मोलाचा आहे आणि मलाही पूर्वी तो विचार करायला लावायचा. शिकागोत १९६१मध्ये डॉक्टरांची पाहणी झाली, त्यात सुमारे ९० टक्के डॉक्टर म्हणाले की कॅन्सर असल्याचं पेशंटला सांगायचं नाही याकडेच आमचा कल असतो. तोच प्रश्न १९७९च्या पाहणीत अमेरिकेतल्या डॉक्टरांना विचारला तेव्हा ९७ टक्के म्हणाले, सांगतो. म्हणजे अमेरिकेतही लपवायचीच रीत होती आणि ती २० वर्षांच्या आत उलटली. दरम्यान उपचार सुधारले, कॅन्सर म्हणजे मरणच हे समीकरण ढिलं झालं, आणि पेशंट आपले हक्क मागू लागले. जुन्या ग्रीक वैद्यकातही पेशंटपासून बरंच काही झाकून ठेवावं असा सल्ला आहे. आपल्याकडे आयुर्वेदाच्या चरकसंहितेत, विमानस्थान या भागात, वैद्याला सांगितलंय की रोग्याचं आयुष्य सरत आलंय हे कळलं तरी, जिथे सांगितल्याने रोग्यावर किंवा दुसऱ्या कुणावर आघात होईल तिथे ते बोलू नये. दादा हे वाचून म्हणतील, बघ, मी काय म्हणत होतो! पण ती मनाई सरसकट नाही. आघात होईल का हे वैद्याने त्या माणसाकडे बघून ठरवायचंय. बघायचं म्हणजे त्याच्याशी बोलावं लागतं. तुमच्या घरात नेमकं तेच राहिलंय.

कायद्याचंही थोडं सांगते, कारण केमोच्या संमतीपत्रावर सही लागेल. डॉक्टरांसाठी २००२चे आचारनियम आहेत. त्यात म्हटलंय की आजाराचं गांभीर्य वाढवूनही सांगू नये आणि कमी करूनही सांगू नये, आणि पेशंट, त्याचे नातेवाईक किंवा जबाबदार स्नेही यांना पेशंटच्या आणि कुटुंबाच्या हिताला पुरेल इतकी माहिती आहे याची खात्री करावी. इथे नातेवाइकांना जागा आहे, आणि बरेच डॉक्टर त्या जागेचा आधार घेऊन पेशंटला वगळतात. पण संमतीची गोष्ट वेगळी. समीरा कोहली खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००८मध्ये स्पष्ट केलं की उपचार काय, कशासाठी, फायदा काय, धोका काय, दुसरा पर्याय काय, याची पुरेशी माहिती देऊनच संमती घ्यावी लागते. त्या प्रकरणात पेशंट भुलेखाली असताना तिच्या आईची संमती घेऊन मोठी शस्त्रक्रिया केली होती. पेशंट सज्ञान होती, जीव तातडीने वाचवण्याची वेळ नव्हती, म्हणून आईची संमती न्यायालयाने ग्राह्य धरली नाही. तुमच्या बाबांच्या जागी दादांनी सही केली तर तिची किंमत काय, हे यावरून समजेल. ‘खड्याचं इंजेक्शन’ म्हणून बाबांकडूनच सही घेतली तर तीही खरी संमती होत नाही.

सहीपलीकडचं कारण मला अधिक महत्त्वाचं वाटतं. या टप्प्यावर केमो आजार मुळातून काढत नाही, वेळ वाढवते आणि काहींचा त्रास कमी करते. ७५ वर्षांपर्यंतच्या, हिंडत्याफिरत्या पेशंटवर केलेल्या एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष २०११मध्ये आले. अनेक औषधांच्या एकत्र केमोने मध्यक आयुष्य ११.१ महिने, एका औषधाच्या केमोने ६.८ महिने. मध्यक म्हणजे निम्मे पेशंट याहून जास्त जगले, निम्मे कमी. ही आकडेवारी बाबांचं भविष्य नव्हे, आणि त्यांना कोणती केमो झेपेल हे त्यांचे ऑन्कॉलॉजिस्टच सांगू शकतील. पण जास्त वेळ देणाऱ्या त्या मिश्रणातल्या एका औषधाने, ऑक्झॅलिप्लॅटिनने, बोटांना मुंग्या येतात, गार पाण्याला हात लावला तरी झोंबतं, आणि पुढे बोटं बधिर राहू शकतात. तुमचे बाबा पेटी वाजवतात! काही जास्त महिन्यांसाठी बोटांचं हे नुकसान पत्करायचं, की सौम्य केमो घेऊन गुरुवारच्या भजनाला बसायचं, की केमो न घेता फक्त त्रास कमी करणारे उपचार घ्यायचे, याला वैद्यकशास्त्रात एकच बरोबर उत्तर नाही. ते पेटी वाजवणाऱ्या माणसाने द्यायचं उत्तर आहे. दादा त्यांच्या वतीने ‘सगळं करा डॉक्टर’ म्हणतील, कारण मुलगा दुसरं काय म्हणणार?

न्यायाचं तत्त्व बहुतेक वेळा सरकारी धोरणाच्या चर्चेत येतं, घरात त्याचं नाव पैसा. सरकारी आरोग्य योजनेत किती बसेल, बाकीचे कुठून आणायचे, दादा कर्ज काढणार का. बाबांना खरं माहीत असतं तर त्यांनी नातवाच्या शिक्षणाचे पैसे मोडू दिले असते का? या प्रश्नावर बोलायचा पहिला हक्क त्यांचा आहे.

आता विचारायचं कसं. शक्यतो हे डॉक्टरांनी करावं, तुम्ही शेजारी बसावं. या कामासाठी ‘स्पाइक्स’ नावाची सहा पायऱ्यांची पद्धत २०००मध्ये मांडली गेली आणि जगभर शिकवली जाते. माझ्या दृष्टीने त्यातल्या दुसऱ्या आणि तिसऱ्या पायऱ्या सगळ्यात मोलाच्या : पेशंटला आधीच काय माहीत आहे ते ऐकायचं, आणि पुढे किती सांगू याची परवानगी घ्यायची. मी साधारण असं बोलते. ‘काका, एवढ्या तपासण्या झाल्या, तुम्हाला स्वतःला काय वाटतंय, काय झालं असेल?’ मग गप्प बसते. हे गप्प बसणं अवघड असतं, नातेवाईक मध्ये बोलू लागतात, त्यांना मी हाताने थांबवते. मग विचारते, ‘काही लोकांना सगळं बारीकसारीक ऐकायचं असतं, काहींना थोडक्यात पुरतं, काही म्हणतात माझ्या मुलाशी बोला. तुम्हाला कसं आवडेल?’

यावर तीन प्रकारची उत्तरं येतात. काही स्पष्ट म्हणतात, सांगा, मला ऐकायचंय. काही म्हणतात, ‘मला नका सांगू, मुलगा बघेल.’ हाही निर्णयच आहे आणि मी तो मनापासून पाळते. माहिती नाकारण्याचा हक्क पेशंटला आहेच. मग मुलगा बोलतो तो बापाने दिलेल्या अधिकाराने बोलतो, आणि तिथे आपली कुटुंबाची रीत आणि पेशंटचा मान यांचा काही झगडा उरत नाही. तरी मी म्हणून ठेवते, ‘मन बदललं तर कधीही विचारा’, आणि पुढच्या भेटीत पुन्हा चाचपते. तिसरे लोक विषय बदलतात, चहा घेणार का विचारतात. त्यांना त्या दिवशी सोडते. ऐकायची तयारी व्हायला कुणाला आठवडा लागतो. पण तुमची केमोची तारीख जवळ आहे, म्हणून बाबा तिसऱ्या प्रकारचे निघाले तर डॉक्टरांना विचारा की ती थोडी पुढे ढकलता येईल का. पुष्कळदा काही दिवसांनी फारसं बिघडत नाही, पण हे त्यांनीच ठरवावं.

सांगायची वेळ आली तर एका दमात सगळं नको. ‘आधी वाटलं होतं त्यापेक्षा गंभीर आहे’ इथून सुरुवात करावी आणि थांबावं. पुष्कळदा पुढचा शब्द पेशंटच उच्चारतो. ‘किती दिवस?’ असं विचारलं तर एक आकडा कधीच सांगू नये, कारण तो कुणालाच ठाऊक नसतो. महिन्यांची गोष्ट आहे की वर्षांची, एवढं प्रामाणिकपणे सांगता येतं. आणि लगेच जोडून पुढचं सांगावं : दुखणं थांबवायला चांगली औषधं आहेत, मॉर्फिनसुद्धा, आणि ते वेदनेच्या मापात दिलं तर घाबरण्यासारखं नसतं. स्वादुपिंडाच्या कॅन्सरमध्ये पोटातून पाठीत जाणारी कळ पुढे येऊ शकते, तेव्हा पॅलिएटिव्ह केअरची टीम आत्ताच, केमोच्या बरोबरीने जोडून घ्या. शेवटी नव्हे.

‘हाय खातील’ या भीतीबद्दल माझा अनुभव खरा तोच लिहिते. बहुतेक माणसं पहिले काही दिवस खचतात. झोप उडते, बोलत नाहीत. मग हळूहळू कामाला लागतात. काही जण खचलेलेच राहतात, त्यांना औषधाची आणि समुपदेशनाची गरज लागते आणि ती आपण पुरवायची असते. कोसळणार नाहीत अशी हमी मी देऊ शकत नाही. पण ज्यांना न सांगताही शेवटी कळलं, तेही खचले, आणि तेव्हा त्यांच्याशी कुणी बोलत नव्हतं.

दादांशी बोलताना ‘सांगायलाच हवं’ असं म्हणू नका, ते आणखी ताठतील. एवढंच मागा : ‘आपण काहीच सांगायचं नाही, डॉक्टरांना फक्त बाबांना विचारू दे. बाबा नको म्हणाले तर मी पुन्हा विषय काढणार नाही.’ या मागणीला नाही म्हणणं कुठल्याही मुलाला जड जातं. आईंना वेगळं, एकटीला भेटा. त्यांची भीती बाबांपेक्षा स्वतःबद्दलची असते बऱ्याचदा, आणि ती कुणी ऐकून घेतलेली नसते.

आणि त्याआधीच बाबांनी तुम्हाला पुन्हा वजनाबद्दल विचारलं तर? खड्याचं बोलू नका, आजाराचं नावही एकटीने सांगू नका. म्हणा, ‘बाबा, मलाही काळजी वाटतेय. डॉक्टरांना आपण दोघं मिळून विचारूया. तुम्हाला त्यांच्याकडून सगळं ऐकायचंय का?’ त्यांचं उत्तर जसंच्या तसं लक्षात ठेवा आणि डॉक्टरांना सांगा. ऑन्कॉलॉजीच्या गर्दीच्या ओपीडीत हे बोलणं होत नाही, म्हणून आजच फोन करून ओपीडी संपल्यानंतरची वेळ मागून घ्या. ‘आम्हाला पेशंटसमोर बोलायचंय’ हे शब्द आधीच सांगून ठेवा, म्हणजे ते तुम्हाला पुन्हा कॉरिडॉरमध्ये नेणार नाहीत. डॉक्टर तयार नसतील तर त्याच रुग्णालयातल्या पॅलिएटिव्ह केअर विभागाला किंवा बाबांना वर्षानुवर्षं ओळखणाऱ्या तुमच्या फॅमिली डॉक्टरांना बसवा. बाबांचा त्यांच्यावर विश्वास असेल तर मी त्यांनाच पहिली पसंती देईन.